ताईंची घोंगडी

ही गोष्ट लिहायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी ताईंचा विषय काढला की मी त्यांच्या चहाबद्दल सांगायचो, दुकानाबद्दल सांगायचो, त्यांच्या बघण्याच्या सवयीची नक्कल करून लोकांना हसवायचो, आणि जे सांगायला हवं तिथवर आलो की घड्याळ बघून उठायचो. आता उठून कुठे जायचं राहिलेलं नाही. म्हणून पुन्हा तिथूनच सुरुवात करतो, त्यांच्या बघण्यापासून, पण या वेळी मधेच उठणार नाही.

ताई माणसाकडे पायांपासून बघायच्या. तुम्हीआम्ही आधी तोंड बघतो. त्या आधी चप्पल बघायच्या, मग गुडघे, कंबर, खांदे, आणि चेहऱ्यावर सगळ्यात शेवटी यायच्या. नवख्या माणसाला आपली झडती चालली आहे असं वाटायचं. झडती संपली की त्या म्हणायच्या, "आधी अंगावर काय हाय ते बघा. मग कुठं जायचं ते ठरवा."

कर्जतच्या बाजारात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. सातबाराच्या प्रती, दाखले, ऑनलाइन अर्ज, लग्नपत्रिकांची छपाई. मूळच्या त्या कडावच्या. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि त्या दुकानाच्या मागच्या खोलीत एकट्या राहायच्या. सगळं गाव त्यांना ताई म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो, खरं तर त्या माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या होत्या. मला त्या भाऊ म्हणायच्या.

मी एस.टी.त कंट्रोलर होतो. उभा जन्म डेपोच्या खिडकीत बसून कुठली गाडी कुठे लागली ते माइकवर सांगितलं. निवृत्त झालो, बायको गेली, आणि एके दिवशी लक्षात आलं की सकाळपासून आपण तोंड उघडलेलंच नाही. असाच एकदा हयातीचा दाखला काढायला ताईंच्या दुकानात गेलो. त्यांच्याकडे दोन कॉम्प्युटर होते. एकावर माझा अंगठा उमटत नव्हता म्हणून त्या खटपट करत होत्या. दुसऱ्यावर एक दरी होती.

हिरवी, ओली दरी. वरून धुकं उतरत होतं आणि ओढ्याच्या काठी ढाल पाठीला लावलेली एक बाई नुसती उभी होती. तिचे केस वाऱ्याने हलत होते. मी विचारलं, हा सिनेमा कुठला?

"सिनेमा नाय भाऊ. ती मी हाय," ताई म्हणाल्या आणि माझा अंगठा पदराने पुसून पुन्हा यंत्रावर दाबला.

खेळ होता तो. इंटरनेटवरचा. हजारो माणसं एकाच वेळी त्या एकाच देशात फिरत असतात, कुणी केरळातून, कुणी परदेशातून, आणि प्रत्येकाचं तिथे एक रूप असतं. लढायचं, गुहांमध्ये शिरायचं, राक्षस मारायचे. नाही तर नदीकाठी बसून मासे धरायचे. ताईंच्या भावाने त्यांना तो कधीतरी लावून दिला होता. दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्या तिथे असायच्या.

दाखला निघाला तरी मी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी काही काम नसताना गेलो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी मला एक खुर्ची, एक माउस आणि एक रूप दिलं. पांढऱ्या दाढीचा एक वैदू. लढणाऱ्यांच्या मागे उभं राहून त्यांच्या जखमा बऱ्या करणं हे त्याचं काम. माझे गुडघे तेव्हा जिना चढू द्यायचे नाहीत. तिथे मी डोंगर चढून गेलो, वर उभा राहिलो, आणि खाली सगळा देश संध्याकाळच्या उजेडात पसरलेला पाहिला. लाज वाटायला नको म्हणून मी चष्मा पुसत बसलो.

एक गोष्ट मला उशिरा कळली. कंट्रोलरच्या आयुष्यात गिअर म्हणजे ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असतो तो. ताई दिवसभर "गिअर, गिअर" करायच्या तेव्हा मी तेवढंच समजत होतो. मग मी एकटाच एका गुहेच्या दाराशी गेलो. तिथे लोक जमतात, गट करतात आणि मिळून आत जातात. मी सगळ्यांना नमस्कार केला. कुणी उत्तर दिलं नाही. एकेक गट झाला आणि आत गेला. मी बाहेरच. शेवटी एकटा आत शिरलो तर पहिल्याच उंदराने मला मारलं. राक्षसाने नव्हे, उंदराने.

ताईंनी माझ्या वैदूला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. त्या खेळात दुसऱ्याच्या अंगावरची प्रत्येक वस्तू उघडून बघता येते, आणि ताईंची ती सवय तिथून इकडे आली की इकडून तिकडे गेली हे मला कधी कळलं नाही. मी जन्माला आलो त्याच कपड्यांत फिरत होतो. पायात काही नाही, डोक्यावर काही नाही. गिअर म्हणजे हे, अंगावर चढवायचं सामान.

"लेवल काय, वयासारखी," त्या म्हणाल्या. "बसून राहिलात तरी वाढते. पण त्या गुहेत वय कोण बघत नाय. बूट बघतात. तुमचे बूट नायत म्हणून तुमी पळू शकला नाय, अंगरखा नाय म्हणून उंदीर चावला, आणि हातात ही काडी हाय म्हणून दुसऱ्याला बरं करायचं तर सोडाच, सोताला पण करता आलं नाय. लोक वाईट नसतात हो. त्यांना मरायचं नसतं."

मग आठवडाभर त्यांनी मला नटवलं. बूट त्यांनी एका दलदलीतून मिळवले, हातमोजे बाजारात सौदा करून घेतले, काठी ताईंच्या टोळीतल्या, म्हणजे खेळातल्या कायमच्या गटातल्या, नांदेडकरांनी दिली. एकेक वस्तू टपालाने यायची. त्या खेळात प्रत्येक गावाच्या वेशीवर एक टपालपेटी असते. कुणीही कुणाला वस्तू पाठवू शकतो, सोबत दोन ओळी लिहू शकतो. ताई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या असायच्या तरी टपालानेच पाठवायच्या. म्हणायच्या, हातात दिलं की मजा जाते.

पुढच्या रविवारी मी त्याच गुहेच्या दाराशी उभा राहिलो, आणि न विचारता कुणीतरी मला गटात घेतलं. तुम्हाला हे पोरकट वाटेल. साठी उलटल्यावर कुणी आपल्याला कुठेतरी घेणं ही काय चीज असते, ते तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल.

आता नांदेडकर. त्यांचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही. नांदेडकडे कुठेतरी त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि आम्ही त्यांना फक्त आवाजाने ओळखत होतो. पाय अधू असल्यामुळे फारसं बाहेर पडणं होत नाही, असं एकदा त्यांनीच सहज सांगितलं होतं. खेळात मात्र ते धनुष्यवाले, सगळ्यात चपळ. रविवारी दुपारी ताईंचं शटर अर्धं खाली असायचं आणि आमची मोहीम निघायची. ताई ढाल घेऊन पुढे, नांदेडकर मधे, मी मागे. ऐन लढाईत नांदेडकरांच्या माइकमधून गिऱ्हाइकाचा आवाज यायचा, क्लचप्लेट आहे का म्हणून, आणि ते बाण सोडता सोडता भाव सांगायचे. माझं औषध पोचायला नेहमी उशीर व्हायचा. ताई पडता पडता म्हणायच्या, "कंट्रोलर, तुमची गाडी कुठं लागली?"

ताईंचं हे सगळं खेळापुरतं नव्हतं. कोंडाण्याची लेणी बघायला शहरातली पोरं येतात, ती स्टेशनातून उतरून पाणी घ्यायला त्यांच्या दुकानापाशी थांबायची. ताई काउंटरवरून वाकून त्यांचे पाय बघायच्या. एकदा एका मुलीच्या पायात नाजूक पट्ट्यांची चप्पल होती. ताईंनी तिला आपले पावसाळी बूट दिले आणि परत जाताना ठेवून जा म्हणाल्या. मी म्हटलं, गेले तुमचे बूट. संध्याकाळी चिखलाने माखलेली ती मुलगी बूट धुऊन घेऊन आली. ताईंनी तिला पुन्हा पायापासून बघितलं आणि म्हणाल्या, "बघ, धड आलीस ना गं."

कोंडाण्याच्या त्या वाटेवरून मीही तरुणपणी गेलो होतो. दगडात कोरलेल्या खिडक्या, वरून पडणारं पाणी, आत गेल्यावर अचानक शांत होणारा आवाज. खेळातही अशीच एक जागा होती. आज मला डोळे मिटून त्यातली कुठली कुठे ते नीट सांगता येत नाही. उल्हास नदीच्या एका डोहाशी मी बसलेला मला आठवतो, शेजारी ढाल टेकवून ताई बसलेल्या, पाण्यात दोन चंद्र. हे इथे घडलेलं नाही एवढंच मी सांगू शकतो, कारण इथे ढाल नव्हती.

तर सगळ्यांच्या अंगावरचं बघणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या अंगावर एक गोष्ट अजब होती. डोक्यावर उत्तम शिरस्त्राण, हातात टोळीतली सर्वांत भारी ढाल, आणि पाठीवर एक जुनाट, मातकट रंगाचा झगा. आम्ही त्याला घोंगडी म्हणायचो. त्या खेळात प्रत्येक वस्तूला एक आकडा असतो, ती किती कामाची ते सांगणारा. त्या घोंगडीचा आकडा माझ्या पहिल्या बुटांपेक्षाही कमी होता. तेवढ्या एका उणिवेपायी ताई मोठ्या राक्षसापुढे दोन घाव आधी पडायच्या आणि आमची मोहीम फसायची. नांदेडकर चिडवायचे, ताई, ती घोंगडी मला द्या, दुकान पुसायला घेतो. मीही भर घालायचो. दुसऱ्यांना शहाणपण शिकवता, आणि स्वतः?

"ती राहू दे," एवढंच त्या म्हणायच्या. आणि विषय बदलायचा.

का राहू दे, हे आम्ही दोघांनीही कधी विचारलं नाही. तुम्ही म्हणाल, विचारायला काय झालं होतं. मलाही तेच वाटतं.

गणपती उठले आणि ताईंना ऑपरेशनसाठी पनवेलला नेलं. पोटाचं दुखणं होतं, साधं आहे म्हणाल्या. जाताना दुकानाची किल्ली माझ्याकडे दिली, आणि खेळातल्या स्वतःच्या खात्याचा पासवर्ड आम्हा दोघांनाही दिला. नांदेडकरांना एवढ्यासाठी की रविवारी ढाल धरायला कुणीतरी हवं. ते दोन कॉम्प्युटर चालवू शकायचे. मला एवढ्यासाठी की त्यांचा तिथे एक लहानसा मळा होता, त्याला रोज पाणी घालावं लागे. "माझ्या बाईला उपाशी ठेवू नका," म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

त्या नसतानाच्या एका रविवारी आम्हाला ते मिळालं. एवढे महिने जो राक्षस हुलकावणी देत होता तो पडला, आणि त्याच्या गुहेत एक झगा सापडला. गडद निळा, कडेला चांदीचा प्रकाश, चालताना मागे ठिणग्या सांडणारा. आकडा असा की नांदेडकरांनी तो मोठ्याने दोनदा वाचला. मग म्हणाले, ताईंचाच आहे हा. आल्या की बघतील. मी हो म्हटलं.

पण मला धीर धरवला नाही. त्या दवाखान्यात पडलेल्या, आणि परत येऊन पडदा उघडतील तेव्हा पाठीवर हे झळकत असेल, हे माझ्या डोळ्यांसमोर नाचू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, त्यांच्या नावाने आत शिरलो, मळ्याला पाणी घातलं, घोंगडी उतरवली आणि निळा झगा चढवला. त्याला आणखी पक्कं करता येत होतं. त्यासाठी धागा लागत होता. आणि धागा मिळवायची रीत म्हणजे एखादा जुना कपडा मोडणं.

मोडलेली वस्तू परत येत नाही. खेळ तसं विचारतो. नक्की का, म्हणून एकदा विचारतो, आणि पुन्हा एकदा विचारतो. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. घोंगडीची पाटी माझ्यासमोर उघडी होती. वर आकडा होता, मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. मोतीबिंदूमुळे वाचता आली नाही असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो. ते खरं नाही. मी आकडा बघितला आणि पुढचं बघितलंच नाही. पिंजलेल्या लोकरीसारखं काहीतरी पडद्यावर उडालं आणि पिशवीत थोडा राखाडी धागा जमा झाला.

ताई आल्या त्या वाळून आल्या होत्या. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, उशी दिली, आणि एखाद्या मुलासारखा मागे उभा राहिलो. पडदा उजळला. निळा झगा वाऱ्यावर फडफडत होता, ठिणग्या सांडत होत्या. त्यांनी पिशवी उघडली. मग पेटी. मग पुन्हा पिशवी. सगळे कप्पे एकेक करून.

"माझी घोंगडी कुठं हाय?"

आवाज अगदी हळू होता. मला त्यांचा चेहरा बाजूने दिसत होता, आणि तो चेहरा मी याआधी एकाच ठिकाणी पाहिला होता, डेपोत पोर हरवलेल्या बायांचा. त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी मोडली, चूक झाली, एवढंच. पण ती खुर्ची, ती दुपार, ते अर्धं उघडं शटर, हे सगळं एका वाक्याने जाईल असं मला वाटलं.

मी म्हणालो, "मी मळ्याला पाणी घालण्यापलीकडे कशाला हात लावला नाही. रविवारी नांदेडकर होते तुमच्या खात्यात."

यातला प्रत्येक शब्द मला पाठ आहे. इतकी वर्षं गाड्यांचे फलाट सांगितले, त्यातली एकही सूचना आज आठवत नाही.

ताईंनी नांदेडकरांना विचारलं. माझ्यासमोर, माइकवर. ते म्हणाले, "नाही ताई, मी नाही केलं. पण हरवली असेल तर मी शोधतो, कुठं तरी पडली असेल." खेळात वस्तू पडत नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ते पुढचे कितीतरी दिवस आम्ही गेलेल्या वाटांवरून एकटेच फिरताना दिसायचे.

त्यांना टोळीतून कुणी काढलं नाही. फक्त पुढच्या रविवारी ताईंनी हाक मारली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गुहेच्या दाराशी वगळलं जाणं म्हणजे काय हे मी तुम्हाला वर सांगितलंच आहे.

आणि मग ताईंच्या टपालपेटीत टपाल यायला लागलं. पहिल्या दिवशी नांदेडकरांचे हातमोजे आले, ताईंनी त्यांना कधीतरी दिलेले. मग बूट. मग पट्टा. मग ते धनुष्य, ज्यासाठी आम्ही तिघांनी अख्खा उन्हाळा घालवला होता. कशासोबतही ओळ नाही. टोळीकडून त्यांना जे जे मिळालं होतं ते सगळं त्यांनी परत पाठवलं. शेवटी एकदा मला ते वेशीपाशी दिसले. अनवाणी, उघड्या डोक्याचे, पहिल्या दिवसाच्या कपड्यांत. मी जवळ जायच्या आत ते वळून चालायला लागले. त्यानंतर त्यांचं नाव टोळीच्या यादीत कधी उजळलं नाही.

ताई धनुष्याकडे खूप वेळ बघत बसल्या होत्या.

"चोर असं करतो का हो, भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, काय सांगावं.

त्या दिवशी त्यांनी मला घोंगडीचं सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ कडावला असायचा, भात लावायचा आणि उरलेला वेळ कळंबच्या एका रिसॉर्टवर राखणदारी करायचा. दोघं एकदमच हा खेळ शिकले होते. मग जमिनीवरून वाजलं. त्याने हक्कसोडीवर सही मागितली, ताईंनी दिली नाही, आणि त्याने भाऊबीजेला बोलावणं बंद केलं. रस्त्यात दिसला तरी मान वळवायचा. खेळात मात्र दोघंही होते. एकाच गावातून, एकाच पुलावरून शेजारून जायचे, एक शब्द न बोलता. तिथे त्याचा धंदा शिंप्याचा होता. आणि एका भाऊबीजेला ताईंच्या टपालपेटीत ती घोंगडी आली. सोबत ओळ नव्हती. पण त्या खेळात हाताने केलेल्या वस्तूवर करणाऱ्याचं नाव उमटतं. खाली, बारीक अक्षरात.

"ती माझी ओवाळणी होती," ताई म्हणाल्या.

त्यांनी ठरवलं होतं की भात झोडून झालं की कडावला जायचं आणि आपणच बोलायचं. त्याआधीच तो छातीत कळ येऊन गेला. पोरांनी त्याचं खातं बंद केलं. त्या देशात त्याचं नाव मग एकाच जागी उरलं होतं, ताईंच्या पाठीवर. म्हणून त्या दोन घाव आधी पडत होत्या.

हे ऐकताना मी काय केलं ते सांगतो. मी चहाचे कप उचलले आणि धुवायला मागे गेलो.

दिवाळी आली. ताई म्हणाल्या, "यंदा तुमालाच ओवाळते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी या. अंगावर धड सदरा घालून या, नाय तर याल नेहमीसारखे बनियनवर." पाट मांडलेला, रांगोळी घातलेली, निरांजन लावलेलं, आणि त्यापुढे मी बसलेला, हे मी रात्रंदिवस बघत राहिलो. तबकात काय टाकणार होतो मी? सकाळी मी पहिल्या गाडीने खोपोलीला निघून गेलो. चुलतबहिणीकडे जावं लागलं असं संध्याकाळी सांगितलं. खोपोलीत मी दिवसभर स्टँडवरच्या बाकावर बसून गाड्या मोजत होतो. ताईंनी डब्यात करंज्या काढून ठेवल्या होत्या. त्यांनी डबा पुढे केला आणि माझ्या पायांकडे बघितलं. नेहमीप्रमाणे वर, चेहऱ्यापर्यंत, त्या दिवशी आल्या नाहीत.

दुखणं साधं नव्हतं. पौषात मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. सकाळची वेळ होती, गल्लीत धुकं भरलेलं, गाडीचे दिवे पिवळे, आणि दुकानाचं शटर खाली. समोरचं घरही धड दिसत नव्हतं. क्षणभर मला वाटलं की आत्ता ओढा दिसेल.

ताई गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या. शालीत एवढ्याशा झालेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चप्पल, गुडघे, खांदे, आणि या वेळी चेहरा. तिथे थांबल्या. मुलगी म्हणाली, आई, गारठा आहे, बस. त्या बसल्या नाहीत. माझी वाट बघत होत्या असं मला तेव्हाही वाटलं. माझ्या ओठांवर ते वाक्य आलं होतं, पहिला शब्द तर जिभेवर होता.

"अंगावर काय घेतलं नाय भाऊ," ताई म्हणाल्या. "वारं हाय."

मी म्हणालो, "घेतो."

गाडी धुक्यात गेली. होळीच्या आत पुण्याहून निरोप आला.

त्यानंतर मी एकदाच त्यांच्या नावाने आत शिरलो. मळा सुकला होता. त्या एका सराईच्या चुलीपाशी उभ्या होत्या, केस हलत होते. मी त्यांना मागून बघितलं. डोक्यावर शिरस्त्राण, हातात ढाल, पायांत बूट, आणि पाठ उघडी. निळा झगा पेटीत घडी घालून ठेवलेला होता. पक्का करून दिलेला, एकदाही न वापरलेला. कुणालाही एक बोट उघडं ठेवून वेशीबाहेर जाऊ न देणारी बाई त्या दिवसापासून शेवटपर्यंत पाठीवर काही न घेता फिरत होती, आणि मी तिच्या मागेच उभा असायचो, वैदू म्हणून.

मी शिंपीकाम शिकलो. त्या खेळातलं. बरीच वर्षं लागली, आता हात बरा आहे. दर भाऊबीजेला मी एक घोंगडी करतो, मातकट रंगाची, आणि वेशीवरच्या पेटीतून ताईंच्या नावावर टाकताना सोबत दोन ओळी लिहितो. नांदेडकरांनाही पाठवून बघितलं. तसं नाव आता नाही, असं पेटी सांगते. ताईंचं नाव आहे. त्यामुळे टपाल जातं. पण न उघडलेलं टपाल काही दिवसांनी पाठवणाऱ्याकडे परत येतं, तसा तिथला नियम आहे. ते उघडायचं तर मलाच त्यांच्या नावाने आत जावं लागेल, आणि एकदा तसा जाऊन मी काय करून आलो ते तुम्ही वाचलंत.

यंदाचीही परत आली आहे. नदीकाठच्या त्या गावात, धुक्यात, माझा म्हातारा पेटीपाशी उभा आहे. हातावर घोंगडी, खाली बारीक अक्षरात माझं नाव. आणि सोबतच्या ओळी, मी लिहिल्या तशाच:

ताई, घोंगडी मी मोडली. नांदेडकरांनी नाही. मी.